केरळच्या चर्चमधले पहलवी क्रूस : किती जुने, कुणाचे, आणि त्यावर लिहिलंय तरी काय?

वसईच्या एका वाचकांचा प्रश्न आहे, तो आधी थोडक्यात सांगतो. घरची मंडळी केरळला गेली होती. कोट्टयमचं वलियपळ्ळी हे चर्च पाहिलं, परत येताना वाटेवरचं कडमट्टमचं जुनं चर्चही पाहिलं. दोन्हीकडे वेदीजवळ कोरीव दगडी क्रूस आहेत आणि भोवती कुठल्याशा लिपीतली ओळ आहे. एकाने सांगितलं की येशूचा शिष्य संत थॉमस याने इ.स. ५२ मध्ये ते स्वतःच्या हाताने कोरले. दुसऱ्याने सांगितलं की इराणी व्यापाऱ्यांनी जहाजातून आणले. खरं काय, अक्षरं काय म्हणतात, आपल्याकडे असं काही आहे का, आणि मोबाइलवर फोटो इतके सपाट का आले, असे त्यांचे प्रश्न आहेत.

माझं काम शिलालेखांचे ठसे घेणं आणि ते वाचणं. बरीचशी वर्षं ब्राह्मी आणि देवनागरी लेखांत गेली. पहलवी या जुन्या इराणी लिपीकडे वळलो ते कान्हेरीमुळे, त्याबद्दल पुढे येईलच. त्यामुळे उत्तर लेखाच्या बाजूने देतो, धर्मशास्त्राच्या बाजूने नाही.

थॉमस केरळच्या किनाऱ्यावर उतरले ही तिथल्या ख्रिस्ती समाजाची परंपरा आहे. ती खरी की खोटी हा वेगळा विषय, त्यात मी पडत नाही. पण हे दगड पहिल्या शतकातले नाहीत, एवढं ठामपणे सांगता येतं. पहिल्या शतकात क्रूस ही रोमन फाशीची खूण होती. भक्तिभावाने तो दगडात कोरून वेदीपाशी बसवण्याची रीत ख्रिस्ती जगात रुजली ती चौथ्या शतकानंतर. आणि दुसरं, जास्त पक्कं कारण म्हणजे लिपी. कमानीवरची ओळ पहलवीत, म्हणजे सासानी राजघराण्याच्या काळातल्या (तिसरं ते सातवं शतक) इराणच्या लिपीत आहे. तीही सासानी राजांच्या सुरुवातीच्या शिलालेखांतली सुटी, ठसठशीत पहलवी नाही. अक्षरं एकमेकांना चिकटलेली, लेखणीच्या ओघात गोलावलेली आहेत. असं वळण उत्तर-सासानी काळात आणि त्यानंतर दिसतं. म्हणून बहुतेक अभ्यासक सगळ्यात जुन्या क्रुसांचा काळ सहाव्या ते नवव्या शतकाच्या दरम्यान धरतात. त्याहून नेमकं वर्ष सांगणारा भेटला, तर त्याला पुरावा विचारा.

आता दगडाकडे नीट पाहू. मधोमध क्रूस, चारही भुजा जवळपास सारख्या, टोकांना कळ्या फुटल्यासारखा आकार. त्यावर येशूची मूर्ती नाही, खिळे नाहीत, काट्यांचा मुकुट नाही. खाली पायऱ्यांची बैठक, आणि पायथ्याशी दोन्ही बाजूंना पसरलेली पानं, जणू क्रूस त्यातूनच उगवला आहे. वरून चोच खाली करून एक कबूतर उतरतंय. पवित्र आत्म्याची ही खूण ख्रिस्ती वाचकांना सांगायला नको. या सगळ्याभोवती कमान, आणि कमानीच्या पट्टीवर अक्षरं. काही दगडांवर कमान दोन खांबांवर उभी आहे. चेन्नईच्या परंगीमलैवरचा, म्हणजे सेंट थॉमस माउंटवरचा क्रूस पाहिलात तर खांबांच्या माथ्यावर प्राणी दिसतील आणि कमान त्यांच्या तोंडातून निघालेली दिसेल. हे काय आहे ते मराठी माणसाला लगेच कळावं, कारण आपल्या देवळांतून आपण ते लहानपणापासून पाहतो. मकरतोरण!

याच एका तपशिलावरून 'इराणहून जहाजात आणले' हे म्हणणं मला पटत नाही. पानांवर उभा क्रूस ही कल्पना पूर्वेकडच्या सिरियाक चर्चची, म्हणजे इराण-इराककडची. इराणच्या आखातातल्या खार्ग बेटावर आणि इराकमध्ये हिरा इथे गिलाव्यात केलेले असे क्रूस सापडले आहेत. तीच कल्पना चीनपर्यंत गेली. शीआनच्या इ.स. ७८१ च्या शिलालेखाच्या माथ्यावरचा क्रूस तर चक्क कमळावर उभा आहे. पण मकर इराणी गिलाव्यातले नाहीत. शिवाय दगड दक्षिणेतला ग्रॅनाइट. तो कोरायला हात बसलेला लागतो, आणि तसे हात तमिळ-केरळ भागातल्या देवळांवर पिढ्यान्‌पिढ्या तयार होत होते. माझं मत असं की नमुना बाहेरून आला, कागदावर, कापडावर किंवा एखाद्या छोट्या धातूच्या क्रुसाच्या रूपाने. छिन्नी मात्र इथल्याच पाथरवटाची. त्याला 'मधे हे काढ, भोवती ही अक्षरं काढ' असं सांगितलं असेल. कमान कशी उभी करायची हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

असे पहलवी लेख असलेले क्रूस आज चेन्नईला एक, कोट्टयमच्या वलियपळ्ळीत दोन, आणि कडमट्टम, मुट्टुचिरा, कोतनल्लूर, आलंगाड या गावांच्या चर्चमध्ये आहेत. श्रीलंकेत अनुराधपूरला १९१२ साली याच घराण्यातला एक क्रूस सापडला, पण त्यावर लेख नाही. यातला जवळजवळ एकही दगड मूळ जागी नाही. चर्च पडली, पुन्हा बांधली, पोर्तुगीज आल्यावर पुन्हा बदलली, आणि जुना दगड दर वेळी नव्या भिंतीत बसवला गेला. उत्खननात दगडासोबत भांडी, नाणी, मातीचे थर मिळतात, त्यांवरून काळ ठरवता येतो. इथे ती सोय नाही, म्हणून सगळा भार अक्षरांवर आणि शैलीवर येतो. लेख वाचणाऱ्याला ही परिस्थिती अजिबात आवडत नाही.

वाचनाची कथा मात्र मोठी रंजक आहे. १५४७ साली पोर्तुगीजांनी परंगीमलैवर चर्चच्या पायासाठी खणताना तिथला क्रूस बाहेर काढला. अक्षरं कुणालाच लागेनात. काही वर्षांनी एका विद्वान ब्राह्मणाला बोलावलं. त्याने एकेक अक्षर म्हणजे कितीतरी शब्द असं धरून थॉमसची सगळी कथाच वाचून दाखवली. पोर्तुगीज खूश झाले आणि त्यांच्या ग्रंथांतून ते 'वाचन' युरोपभर गेलं. मला त्या ब्राह्मणाचा राग येत नाही. समोर बसलेल्यांना काय ऐकायचंय हे त्याला अचूक कळलं होतं, आणि लेखवाचनातला हा रोग आजही बरा झालेला नाही.

ही लिपी पहलवी आहे हे नीट मांडलं आर्थर बर्नेल या मद्रास इलाख्यातल्या आयसीएस अधिकाऱ्याने, १८७३ साली. त्यानंतर दोन माणसं पुढे आली आणि दोघांचाही आपल्याशी संबंध आहे. मार्टिन हाउग हे जर्मन पंडित १८५९ पासून काही वर्षं पुण्याच्या कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते, आणि पारशी दस्तुरांसोबत, म्हणजे धर्मगुरूंसोबत बसून त्यांनी अवेस्ता हा पारशी धर्मग्रंथ आणि पहलवी यांचा अभ्यास केला होता. दुसरे एडवर्ड वेस्ट, पेशाने इंजिनिअर. मुंबईत जीआयपी रेल्वेची नोकरी सांभाळून ते कान्हेरीच्या लेण्यांत लेखांच्या नकला करत. पहलवीत पुढे त्यांचा शब्द प्रमाण मानला जाऊ लागला.

या तिघांनी एकच ओळ वाचली आणि तीन अर्थ लावले. बर्नेलच्या मते ओळीत क्रुसावरच्या यातना सोसणाऱ्या खऱ्या ख्रिस्ताचं वर्णन होतं. हाउगना त्यात मसीहा (ख्रिस्त), परमेश्वर आणि पवित्र आत्मा यांवर श्रद्धा ठेवणाऱ्याला मिळणाऱ्या कृपेचं वचन दिसलं. वेस्टच्या वाचनात तो मसीहाच्या सुटकेबद्दलचा प्रश्न होता. पुढे १९२० च्या दशकात केरळच्या गावांतले आणखी क्रूस उजेडात आले. तेव्हा मुंबईचे पारशी विद्वान जीवनजी जमशेदजी मोदी यांनी कडमट्टमची ओळ वाचली. त्यांच्या वाचनात निनेव्हेहून या देशात आलेला एक सुंदर पक्षी बोलतो, आणि हे लिहिणारा शापूर, ज्याला मसीहाने संकटातून सोडवलं. वाचायला किती गोड! त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये विंकवर्थ यांनी मात्र अगदी साधं वाचन दिलं : प्रभू ख्रिस्ता, हा दगड कोरणाऱ्या अमक्याच्या मुलावर दया कर.

एवढी मोठी माणसं, अक्षरं तीच, आणि अर्थ इतके लांब लांब कसे? दोष लिपीचा आहे. मोडी वाचणाऱ्यांना हे दुखणं कळेल. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नसतं, शब्द तोडलेले नसतात, संदर्भ माहीत नसेल तर 'दीन' की 'दिन' हे कागद सांगत नाही. पहलवी याच्या कितीतरी पुढे आहे. 'न', 'व' आणि 'र' यांना एकच खूण. 'ग', 'द', 'य' लिहिताना एकमेकांत मिसळून जातात. स्वर बहुतेक गाळलेले. त्यात कितीतरी शब्द लिहायचे अरामी आणि उच्चारायचे फारसी. लांबलचक पोथीत पुढची-मागची वाक्यं हात देतात, पण एकच सुटी ओळ, तीही दगडावर, तीही बहुधा ती न कळणाऱ्या पाथरवटाने कोरलेली, म्हणजे वाचणाऱ्याची परीक्षाच. अशा वेळी डोक्यात आधीपासून जे असतं ते दगडावर दिसू लागतं. ज्यांना पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं त्रैक्य हवं होतं त्यांना त्रैक्य दिसलं.

पुढे १९७० मध्ये गेर्ड ग्रोप यांनी आणि २००२ मध्ये कार्लो चेरेती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्याने वाचन केलं. आज साधारण मान्य असलेला अर्थ त्यांच्या वाचनावरून असा : 'आमच्या प्रभू ख्रिस्ता, हा (क्रूस) आणणाऱ्या सबरीशोवर, सुरायचा पुत्र चहारबोख्त याच्या पुत्रावर, दया कर.' शेवटचं क्रियापद 'आणला' की 'वाहिला' की आणखी काही, यावर अजून काथ्याकूट चालते. पण ओळीची जात कळली. तो धर्मसिद्धान्त नाही, तो दानलेख आहे.

हे वाचन मला पटतं, आणि केवळ विद्वान म्हणतात म्हणून नाही. दगडावर लिहिणारी माणसं सहसा काय लिहितात याचा अनुभव मला आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातले खांब पाहा. धेनुकाकटच्या अमक्याने हा खांब दिला, बस्स. हत्ती-घोड्यांची ती सुंदर शिल्पं, आणि खाली बुद्धाच्या शिकवणुकीबद्दल एक अवाक्षर नाही, फक्त नाव आणि गाव. कोरायला पैसे लागतात, पैसे देणाऱ्याला नाव हवं असतं, नावासोबत पुण्य हवं असतं. सबरीशो त्याच रांगेतला माणूस आहे. त्याचं गाव मात्र ओळीत नाही, याची मला चुटपुट लागते.

मग एकच नाव सात दगडांवर कसं? सबरीशोने किनारपट्टीभर क्रूस वाटले होते का? ओळ सगळीकडे जवळजवळ तीच आहे, हा या सगळ्या प्रकरणातला खरा पेच आहे. माझ्या मते एक किंवा दोन दगड मूळचे आणि बाकीचे त्यांच्या नकला. एखादा क्रूस जागृत म्हणून प्रसिद्ध झाला की बाकीच्या गावांना हुबेहूब तसाच हवा असतो, अक्षरांसकट. अक्षरं कळली नाहीत तरी चालतात, किंबहुना न कळणारी अक्षरं जास्त पवित्र वाटतात. नकलेची खूण ठशात पकडता येते. लिहिता येणारा माणूस अक्षराचा जोर जाणतो, कुठे दाबायचं, कुठे सोडायचं हे त्याच्या हाताला ठाऊक असतं. नुसता आकार उतरवणारा सगळीकडे सारखी रेघ ओढतो, आणि जागा संपत आली की शेवटची अक्षरं दाटीवाटीने कोंबतो.

कोट्टयमला तुम्ही हे स्वतः पाहू शकला असता, कारण तिथे धाकटा आणि थोरला, म्हणजे आकाराने लहान आणि मोठा, असे दोन क्रूस एकाच चर्चमध्ये आहेत. धाकटा जुना. थोरला बर्नेलने दहाव्या शतकाच्या आसपासचा मानला होता. थोरल्यावर पहलवीच्या जोडीला सिरियाक लिपीत बायबलचं वचन आहे, गलतीकरांस पत्र, अध्याय ६, ओवी १४ : ख्रिस्ताच्या क्रुसाखेरीज मला कशाचाही अभिमान नको. यावरून माझा तर्क असा की थोरला क्रूस घडवून घेणाऱ्यांना पहलवी वाचता येत नव्हती. ती त्यांनी वारसा म्हणून ठेवली. त्यांना कळणारी भाषा सिरियाक होती, उपासनेची. म्हणून स्वतःला जे म्हणायचं ते त्यांनी सिरियाकमध्ये म्हटलं.

पहलवी येणारी माणसं केरळात होती का, ही शंका कुणी काढेल. होती. कोल्लमचे इ.स. ८४९ चे ताम्रपट आहेत. तरिसापळ्ळी या चर्चला जमीन, माणसं आणि व्यापारी हक्क दिल्याचे. त्यांवर साक्षीदारांच्या सह्या आहेत, त्यांतल्या काही अरबीत, काही हिब्रू लिपीतल्या फारसीत आणि काही थेट पहलवीत. म्हणजे नवव्या शतकाच्या मध्यावर कोल्लम बंदरात सही पहलवीत करणारे व्यापारी बसलेले होते. क्रुसांना हा सगळ्यात भक्कम शेजारी पुरावा आहे, कारण त्याला वर्ष आहे.

आता आपल्याकडचं. कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लेख आहेत, इ.स. १००९ आणि १०२१ चे. ते ख्रिस्ती नाहीत, पारशी आहेत. लेणी पाहायला आलेल्या मंडळींनी आपली नावं आणि तारीख भिंतीवर लिहिली. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जाणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांना हे माहीत नसतं, आणि जाळीपलीकडच्या त्या उभ्या ओळींकडे लक्षही जात नाही. पहलवी अक्षर कसं दिसतं हे डोळ्यांत भरवायचं असेल तर केरळपर्यंत जायची गरज नाही, लोकल पुरते. ख्रिस्ती बाजूने पाहिलं तर सहाव्या शतकातल्या कॉस्मास या ग्रीक लेखकाने 'कल्लियाना' इथे इराणातून नेमलेला बिशप असल्याचं लिहिलं आहे, आणि बहुतेक अभ्यासक ते आपलं कल्याण मानतात. गोव्यात जुवारी नदीकाठी आगशीला २००१ साली पहलवी अक्षरांचा दगडी क्रूस मिळाला. म्हणजे केरळ आणि कोकण यांच्या मधला हा दुवा किनाऱ्यानेच जातो.

वसईतल्या तुमच्या गावाच्या वेशीवरचे क्रूस मात्र या घराण्यातले नाहीत. ते पोर्तुगीज काळातले आणि त्यानंतरचे. खालचा दांडा लांब, माथ्यावर 'आयएनआरआय' ('नासरेथचा येशू, यहुद्यांचा राजा' याची लॅटिन आद्याक्षरं), कधी खिळे-शिडी-हातोडा अशी दुःखभोगाची चिन्हं. मुंबई-वांद्र्याकडचे कितीतरी क्रूस १८९६ नंतरच्या प्लेगच्या साथीत नवस म्हणून उभारलेले आहेत. तेही नोंदवून ठेवण्याजोगे आहेत, हे जाता जाता सांगतो. रस्ता रुंदीकरणात ते पटापट हलवले जातात आणि पायथ्याच्या तारखेवर सिमेंट लागतं.

फोटो सपाट का आले? समोरून फ्लॅश मारलात म्हणून. उठाव कमी असतो, त्यात कितीतरी दगडांवर चुना, तैलरंग किंवा दिव्याची काजळी बसलेली असते. समोरच्या उजेडात सावलीच पडत नाही, आणि सावली नाही तर कोरीवकाम नाही. बॅटरी दगडाच्या अगदी कडेला धरून प्रकाश भिंतीला घासून जाईल असा तिरपा सोडा. आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग वरून. दर वेळी वेगळी अक्षरं उठतील. कॅमेरा हलवू नका, फक्त दिवा हलवा, म्हणजे नंतर फोटो एकावर एक ठेवून पाहता येतात. आणि आधी पाद्रींना विचारा. हा दगड तिथे वस्तुसंग्रहालयातला नमुना नाही, लोक त्याच्यापुढे मेणबत्ती लावतात. कुर्बाना, म्हणजे तिथली मुख्य उपासना चालू असताना बॅटरी घेऊन मद्बहाच्या, म्हणजे वेदीच्या जागेच्या दिशेने जाणं शोभत नाही.

अक्षरं उठावीत म्हणून खडू, पीठ, हळद, तेल काहीही चोळू नका. आमच्यातल्या जुन्या लोकांनी हे केलंय, आणि त्यांनी भरलेला खडू अक्षरांच्या खाचांतून अजून निघत नाही. कागदावर पेन्सिल घासून ठसा घेऊ नका, रंगाचे पापुद्रे सोबत येतात. आम्ही ठसा घेतो तोसुद्धा उघड्या, घट्ट दगडावर, ओला कागद ब्रशने ठोकून आणि तो वाळत आल्यावरच वरून शाई लावून. रंग लावलेल्या पवित्र दगडावर आजकाल तोही टाळतो. वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या, एकमेकांवर चढणाऱ्या फोटोंवरून संगणकात त्रिमित प्रतिकृती होते आणि दगडाला बोटही लागत नाही.

परंगीमलैच्या क्रुसाला घाम येतो, रक्त येतं, असंही तुम्ही विचारलं आहे. पहिली नोंद १८ डिसेंबर १५५८ ची आणि शेवटची १७०४ ची सांगतात. श्रद्धेबद्दल मी बोलणार नाही. दगडाबद्दल एवढंच सांगतो की तो डिसेंबर आहे, ईशान्य मोसमी पावसाची हवा दमट असते, ग्रॅनाइट रात्रभर गार झालेला असतो, आणि सणाला चर्चमध्ये माणसं आणि मेणबत्त्या खच्चून भरलेल्या असतात. गार दगडावर पाणी धरायला एवढं पुरतं. वर काजळी आणि जुना रंग असेल तर ते पाणी स्वच्छ राहत नाही.

पुन्हा कोट्टयमला जाणं झालं तर आधी धाकटा क्रूस पाहा, तो डोळ्यांत राहू द्या, आणि मग थोरल्याकडे वळा. कमानीची शेवटची चार-पाच अक्षरं दोन्हीकडे तिरप्या उजेडात टिपून पाठवलीत, तर कुठली रेघ लिहिणाऱ्याची आणि कुठली नुसती उतरवणाऱ्याची, हे खुणा करून दाखवेन.